यादी घेऊन फिरताना

८ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली. त्याच दुपारी मी शुल्क भरून आमच्या प्रभागाची प्रत घेतली, घरी आले आणि ओसरीवर सतरंजी टाकून ती पाने भाग क्रमांकाप्रमाणे लावत बसले. लाल शाईचा पेन, पट्टी आणि गल्ल्यांची नावे लिहिलेली एक दोनशेपानी वही एवढेच साहित्य होते. दिवेलागणीपर्यंत माझ्या लक्षात आले की नाल्याच्या अलीकडच्या दोन गल्ल्यांतील एकसष्ट माणसे आमच्या यादीत नाहीतच. ती पलीकडच्या प्रभागात गेली आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मी नावाने ओळखत होते आणि काहींना तर मी शिकवले होते.

आमचे शहर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेजवळचे, 'क' वर्ग नगरपरिषदेचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत पंचवीस ते चाळीस हजार लोकवस्तीचे. येथील शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले. त्या काळात जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मला मतदान अधिकारी म्हणून नेमणूक मिळत असे, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूने निवडणूक कशी दिसते हे मला ठाऊक होते. २०२२ साली निवृत्त झाल्यावर माझ्याच एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी एका पक्षाची सदस्य झाले. ही विद्यार्थिनी महिला बचत गटांचे काम करते, तिच्या शब्दाला पेठेत मान आहे आणि तिला नगराध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती. पक्षाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणत्याही पक्षाच्या शहर शाखेत घडू शकते आणि घडतही असावे.

२०१६ साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपल्यानंतर आमच्या नगरपरिषदेवर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्यामुळे राज्यभर निवडणुका रखडल्या होत्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरवून दिली. या चार वर्षांत नळाला पाणी आठवड्याने आले तरी आणि नाली तुंबली तरी नगरसेवक म्हणून कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे, हा प्रश्न लोकांना पडलेला होता. त्यांना वाटे, पक्षाच्या कार्यालयात जावे. आमचे कार्यालय म्हणजे बसस्थानकासमोरचा एक गाळा होता. नेत्यांचे वाढदिवस, जयंत्या, सदस्य नोंदणीची मोहीम आणि जिल्ह्याहून कोणी आले की स्वागत, एवढ्यापुरते त्याचे शटर वर जाई. प्रत्येक मतदान केंद्रासाठी नेमलेल्या बूथप्रमुखांची यादी भिंतीवर लावलेली होती. मी एकदा त्या सर्वांना भेटायला निघाले, तेव्हा त्यांतील एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वीच मुलाकडे पुण्याला राहायला गेल्याचे कळले आणि दोघांना आपली नेमणूक झाल्याचे माहीतच नव्हते. तेव्हा मी ठरवले की आपल्या प्रभागापुरते तरी हे काम आपण खरे करायचे.

प्रभागनिहाय यादी कशी तयार होते हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही माहीत नसते, म्हणून थोडे सांगते. नगरपरिषदेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची ठरावीक तारखेची यादी, या वेळी १ जुलै २०२५ ची, राज्य निवडणूक आयोग जशीच्या तशी घेतो आणि ती प्रभागांत विभागली जाते. त्यामुळे हरकत घेऊन नवे नाव घालता येत नाही किंवा मयताचे नाव वगळून मिळत नाही. लेखनिकाची चूक झाली असेल, प्रभाग चुकला असेल किंवा विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागाच्या यादीत आले नसेल, तेवढीच दुरुस्ती होते. प्रभागांची रचना २०११ च्या जनगणनेवर झालेली. चौदा वर्षांत बाह्यवळण रस्त्याकडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या, जुन्या पेठेतील घरे रिकामी झाली. आणि यादीत मात्र पत्त्याच्या रकान्यात कोठे नुसते 'जुनी पेठ', तर कोठे घर क्रमांक शून्य. असा पत्ता घेऊन कार्यालयात बसलेल्या माणसाने नाल्याची रेषा कशी ओळखावी? चूक होणे साहजिक होते, पण ती शोधायला त्या गल्लीत पायी जाणारे माणूस हवे.

हरकतींची मुदत १३ ऑक्टोबरपर्यंत होती. नंतर ती १७ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सगळा मराठवाडा झोडपून काढला होता. आमच्याकडे शिवारातील सोयाबीन पाण्यात उभे राहून काळे पडले होते आणि नाल्याकाठच्या घरांत कमरेएवढे पाणी शिरले होते. हातात कागद आणि पेन घेऊन मी आणि माझी विद्यार्थिनी पहिल्या घरासमोर उभ्या राहिलो, तेव्हा आतून एक बाई लगबगीने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पंचनाम्याला आलाव का बाई? या, भिंत बघा." भिंतीवर पाण्याची ओल छातीएवढ्या उंचीवर सरळ रेषेत उमटली होती. त्या रेषेखालचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि तिच्यावर कोनाड्यात देव जसेच्या तसे होते. आम्ही यादीसाठी आलो आहोत हे सांगताना मला फार संकोच वाटला. तरीही त्यांनी सही दिली, आधारकार्डाची प्रत आणून दिली आणि शेजारच्या दोन घरांना हाक मारून बोलावून घेतले. त्या आठवड्यात आम्ही एकसष्टपैकी सत्तावन्न जणांच्या हरकती भरून दिल्या. चौघे गावात नव्हते.

अंतिम यादी ३१ ऑक्टोबरला आली. अडतीस नावे आमच्या प्रभागात परत आली होती. बाकीची का आली नाहीत याचे कारण आम्हाला कळले नाही. राहून गेलेल्यांत गादी भरण्याचे काम करणाऱ्या एक आपा होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आमच्या यादीत आणि त्या एकट्या नाल्यापलीकडे. मी त्यांना सांगितले की मतदानाच्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या शाळेत जावे लागेल. त्या म्हणाल्या, "एका घरात राहून माझं मत दुसऱ्या गावात कामून?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग घरोघरीची नोंद सुरू झाली. वहीत मी प्रत्येक गल्लीला चार पाने दिली. प्रत्येक नावापुढे माणूस सध्या कोठे आहे ते लिहिले: चाकणला कंपनीत, पुण्याला मुलाकडे, ऊसतोडीला, माहेरी, अंथरुणावर. आमच्या प्रभागातील अनेक घरे दिवाळी झाली की टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या घरांना कुलूप असते किंवा एखादी म्हातारी नातवंडे सांभाळत असते. काही नावांपुढे दोन तारांकने होती. ती संभाव्य दुबार मतदारांची खूण. अशा मतदाराने आपण कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचे किंवा मतदान केंद्रावर हमीपत्र द्यायचे असते. अशा तेवीस घरी जाऊन मी ते समजावून सांगितले. या कामात कोणाला मत द्या असे मी क्वचितच म्हणत असे, आणि लोक मात्र आपणहून सर्व बोलत: कोणाच्या घरकुलाचा हप्ता अडला आहे, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाची सून रागाने गेली आहे. लोक हे बोलत, कारण तीस वर्षांपासून ते मला 'बाई' म्हणून ओळखत होते. वहीत लिहिलेल्या प्रत्येक शब्दामागे हा विश्वास होता. पुढे जे घडले ते त्यामुळेच मला इतके लागले.

नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत ६ ऑक्टोबरला मंत्रालयात निघाली होती आणि आमचे पद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाले होते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जाणार होता. २०१६ साली तसाच निवडला गेला होता. २०२० साली ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा लागू झाली. ४ नोव्हेंबरला आयोगाने कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता सुरू झाली. त्यानंतर चार दिवसांनी आमच्या पक्षाच्या इच्छुकांच्या मुलाखती एका मंगल कार्यालयात झाल्या. विद्यार्थिनीबरोबर मीही आत गेले. तिने बचत गटांची माहिती, पाणीपुरवठ्याबद्दलचे निवेदन आणि आमची केंद्रवार वही समोर ठेवली. बाहेरून आलेल्या निरीक्षकांनी वही उघडली नाही. त्यांनी एकच विचारले, "खर्चाची तयारी किती?" तिने शांतपणे सांगितले की 'क' वर्ग नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदासाठी आयोगाने साडेसात लाखांची मर्यादा घातली आहे, तेवढीही माझ्याकडे नाही, पण माणसे आहेत. निरीक्षक काही बोलले नाहीत. दुसऱ्या इच्छुक एका बड्या व्यावसायिकाच्या पत्नी होत्या आणि त्यांना पक्षात येऊन पंधरवडाही झाला नव्हता.

अर्ज १० ते १७ नोव्हेंबर या काळात भरायचे होते. संगणकावर भरून, छापून, सह्या करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायचे. सोबत शपथपत्र, नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचे प्रमाणपत्र, अपत्यांबाबतचे घोषणापत्र, निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते, अशी कागदपत्रांची मोठी चळत लागते. स्त्री उमेदवारांपुढे एक वेगळीच अडचण असते. यादीत नाव सासरचे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, बँकेत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. माझ्या विद्यार्थिनीचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होते आणि ते एकाच बाईचे आहे हे सिद्ध करण्यात तिचे दोन दिवस गेले. छाननीत बाद होणारे अर्ज बहुधा असल्याच कारणांनी बाद होतात, म्हणून प्रत्येक पानावर मी स्वतः बोट फिरवले.

अर्ज भरला, पण पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ही आमची अधिकृत उमेदवार असे पक्षाने लिहून द्यायचे पत्र, आला नाही. शेवटच्या दिवशी, सोमवारी १७ तारखेला, दुपारी तीनपर्यंत तो दाखल झाला नाही तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. सकाळपासून आम्ही तहसील कार्यालयाच्या आवारातील लिंबाखाली बसून होतो. दीड वाजता कळले की फॉर्म दुसऱ्या बाईंच्या नावाने निघाला आहे. दोन वाजता कळले की तसे नाही. तिच्याबरोबर आलेल्या बचत गटाच्या पंधरा-वीस बायका भाकरी सोडून तशाच बसून होत्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक गाडी फाटकातून आत आली आणि जिल्ह्याचे एक पदाधिकारी पाकीट घेऊन उतरले. पाकिटावर माझ्या विद्यार्थिनीचे नाव होते. तो निर्णय कोणी आणि कशामुळे फिरवला, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या. प्रामाणिकपणे दोन वर्षे काम केलेल्या कार्यकर्तीला शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत असे टांगून ठेवणे मला अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

२६ नोव्हेंबरला चिन्हवाटप झाले. त्या दिवशी चंपाषष्ठी होती. घरोघरी वांग्याचे भरीत आणि रोडगे होते आणि प्रचाराची पहिली फेरी आम्ही खंडोबाच्या देवळापासून काढली. प्रचाराला जेमतेम सहा दिवस मिळाले. त्या दिवसांत मी भाषणे केली नाहीत. तीन मते कशी द्यायची एवढेच मी घरोघरी सांगत होते, कारण आमचा प्रभाग दोन सदस्यांचा आहे. म्हणजे दोन मते सदस्यांची आणि एक नगराध्यक्षाचे. तीनही बटणे दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कोणीच पसंत नसेल त्या ठिकाणी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबावे लागते. पुठ्ठ्यावर मतदान यंत्राचे चित्र काढून मी ते बरोबर नेत असे. म्हाताऱ्या बायका त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून तीनदा दाबून पाहत.

२९ नोव्हेंबरला सगळीकडे एकच धांदल उडाली. अपिलांच्या निकालांमुळे आयोगाने काही ठिकाणची निवडणूक २० डिसेंबरवर ढकलली. आमच्या भागातील निलंगा, रेणापूर, तिकडे मुखेड, धर्माबाद, वसमत, फुलंब्री ही नावे त्यात होती. आपलेही शहर त्यात आहे की काय, या काळजीने सारा दिवस गेला. आमचे नाव नव्हते.

आता जे सांगायचे ते सांगणे मला जड जाते. प्रचार सुरू झाल्यावर पक्षाने बाहेरून काही मुले पाठवली होती. त्यांनी कार्यालयात संगणक मांडले आणि मतदार चिठ्ठ्या छापण्यासाठी म्हणून माझी वही दोन तास मागून नेली. मी विश्वासाने दिली. ३० तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास मी आजारी असलेल्या एका मैत्रिणीकडून परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाखाली एक मुलगा उभा होता. तो माझाच जुना विद्यार्थी. त्याच्या हातात झेरॉक्सची पाने होती. माझे अक्षर मी दुरूनही ओळखते. माझ्या लाल शाईच्या खुणा त्या प्रतीवर करड्या दिसत होत्या. 'पुण्याला', 'ऊसतोडीला', 'अंथरुणावर' हे माझे शब्द, आणि प्रत्येक घरापुढे दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने लिहिलेला एक आकडा. मी पान हातात घेतले. आकडा मतांचा नव्हता. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाई, वरून आलंय. मला काय बोलू नका."

मी तेथूनच माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. तिला यातले काहीच माहीत नव्हते. ती काही क्षण बोललीच नाही आणि मग म्हणाली, "बाई, मी आत्ता येते." रात्री अकरा वाजता आम्ही दोघी कार्यालयात गेलो. तेथे असलेल्या पदाधिकाऱ्याने आवाज न चढवता सांगितले की समोरचे वाटत आहेत, आपण वाटले नाही तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल आणि उमेदवाराने यात पडू नये. तिने आपल्या नावावर पैसे वाटले तर मी माघारीचे पत्रक काढीन असे निक्षून सांगितले, तेव्हा ते थांबवू म्हणाले. थांबवले की नाही, ते मला माहीत नाही. भरारी पथकाकडे मी तक्रार केली नाही. ज्याच्या हातात पाने होती तो मुलगा एकटाच सापडला असता आणि ज्यांनी आकडे लिहिले ते मोकळे राहिले असते, हा विचार तेव्हा मनात आला. पण तक्रार करायला हवी होती, हे मला आजही टोचते.

दुसऱ्या दिवशी प्रचाराचा शेवट होता. रात्री दहापर्यंत मुदत होती. सकाळी मी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या घेऊन निघाले. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये मला बसायला पाट दिला होता, ते एक निवृत्त हमाल दारातच उभे राहिले. त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. म्हणाले, "बाई, तुमी आमच्या घरात बसून माणसं लिहून नेली, आन् त्यांनी त्याच्यावर पैशे मोजले." मी त्यांना काय सांगणार होते? मी त्यांच्या पायरीवर बसले आणि जे घडले होते ते जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण चिठ्ठी घेतली नाही.

२ डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी साडेसातपासून मतदान होते. मी नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची मतदान प्रतिनिधी होते आणि केंद्र माझ्याच शाळेत, ज्या वर्गात मी वर्षानुवर्षे आठवीला शिकवले त्याच वर्गात आले होते. पहाटे अभिरूप मतदान झाले, यंत्राला मोहोर लागली, आमच्या सह्या झाल्या. या निवडणुकीत मताची छापील पावती दाखवणारे यंत्र नव्हते; त्यामुळे मतदानापूर्वीच्या या चाचणीकडे मी फार बारकाईने लक्ष दिले. पहिल्या क्रमांकाच्या मतदान अधिकारी एक तरुण शिक्षिका होत्या. नाव मोठ्याने वाचताना त्या अडखळल्या की मी यादीतील अनुक्रमांक सांगत असे. दुसऱ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

दिवसभरात सर्वांत अधिक वेळ गेला तो अर्धवट मतदानामुळे. एकच बटण दाबून मतदार बाहेर यायचा आणि मतदान पूर्ण झाल्याचा यंत्राचा लांब आवाज वाजलेलाच नसायचा. केंद्राध्यक्ष हाक मारायचे, "आजी, अजून दोन राहिलेत." आजी म्हणायच्या, "मला एकालाच द्यायचंय." त्यांना परत पाठवून उरलेली बटणे दाबायला सांगावी लागे. ज्यांच्याबरोबर मी पुठ्ठ्यावर सराव केला होता त्यांतील बहुतेकींचा आवाज पहिल्याच खेपेला वाजला, आणि तो वाजला की त्या माझ्याकडे एकदा पाहून बाहेर जात. चाकणहून रात्रीच्या गाडीने आलेल्या एका मुलाच्या नावापुढे दोन तारांकने होती. त्याने हमीपत्रावर सही केली, मत दिले आणि दुपारच्या गाडीने परत गेला.

साडेअकराच्या सुमारास आपा दारात आल्या. दोन्ही सुनांबरोबर त्या सवयीने इकडेच आल्या होत्या. शिक्षिकेने यादी दोनदा पाहिली आणि नाव नाही म्हणून सांगितले. प्रतिनिधीला जागेवरून उठून मतदाराशी बोलता येत नाही, म्हणून मी केंद्राध्यक्षांची परवानगी घेऊन त्यांना नाल्यापलीकडच्या शाळेचे नाव आणि अनुक्रमांक सांगितला. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे मला माहीत होते. उमेदवाराने मतदारांना वाहनाने नेणे नियमात बसत नाही. त्या सुनांकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही टाका, मी घरी जाते," आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरल्या.

त्या दिवशी मतदान चालू असतानाच बातमी आली की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला एकत्र करण्याचा आदेश दिला आहे. दुसऱ्या दिवशी लागायचा निकाल एकोणीस दिवसांवर गेला. यंत्रे मोहोरबंद खोलीत ठेवली गेली, बाहेर पोलिसांचा पहारा आणि ठरवून दिलेल्या जागी सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना बसायची मुभा. आम्ही पाळ्या लावल्या. मार्गशीर्षातील थंडी, एक शेकोटी आणि तिच्याभोवती चार पक्षांची माणसे. ज्यांनी आठवडाभर एकमेकांवर ध्वनिक्षेपकावरून तोंडसुख घेतले होते ती मुले एकाच घोंगडीत झोपत. ५ तारखेला आमच्या पाळीतील तिघे महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला गेले, तेव्हा त्यांची रात्र विरुद्ध पक्षाच्या दोघांनी सांभाळली आणि वहीत तशी नोंद केली. १९ तारखेला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. दुपारी शेतावरून कोणी भज्जी, कोणी आंबिलाची बिंदगी, कोणी बाजरीचे उंडे घेऊन आले आणि पोलिसांसह सर्वांनी तेथेच पंगत मांडली. त्या एकोणीस दिवसांत शहरातील राजकारण मला जितके माणसांचे वाटले, तितके आधी कधी वाटले नव्हते.

२१ तारखेला, रविवारी, मतमोजणी झाली. माझी विद्यार्थिनी तीनशेहून कमी मतांनी पराभूत झाली. आमच्या प्रभागातील दोन सदस्यांपैकी एक पक्षाचा निवडून आला. केंद्रवार आकडे उतरवून घेतले तेव्हा दिसले की आमच्या केंद्रावर नगराध्यक्षपदाला तिला आघाडी होती, पण आमच्या सदस्यांना तिच्याइतकी मते नव्हती. म्हणजे कित्येकांनी एक बटण तिचे आणि दोन बटणे दुसरीकडची दाबली होती. थेट निवडणुकीत मतदार असा निवाडा करतो आणि तो त्याचा अधिकार आहे. ती हरली ती बाह्यवळणाकडच्या नव्या वसाहतींच्या केंद्रांवर. तेथे आमच्यापैकी कोणीही वही घेऊन एकदाही गेले नव्हते. गेल्या त्या फक्त गाड्या आणि पत्रके. पक्षाच्या बैठकीत पराभवाचे कारण पैसा कमी पडला असे सांगण्यात आले. मी उभी राहिले आणि केंद्रवार आकडे वाचून दाखवले, त्याचबरोबर ३० तारखेच्या रात्रीची गोष्टही सांगितली. दोन जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी नव्या वसाहतींत यादी घेऊन जायला लागलो. पहिल्या दिवशी सकाळी जाताना आपांच्या घरी थांबलो. त्या गादीला टाके घालत बसल्या होत्या. सर्वत्र कापसाचे तंतू उडत होते. विधानसभेच्या यादीतच पत्ता दुरुस्त व्हावा म्हणून मी नमुना आठचा अर्ज बरोबर नेला होता. आधार, विजेचे बिल, मुलाचा अनुक्रमांक पाहून मी एकेक रकाना भरला. सही करण्यासाठी त्यांनी बोटातील सुई गादीत खोचून ठेवली, हात पदराला पुसला आणि पेन घेण्याआधी विचारले, "आता तरी मला माझ्या घरात आणतील ना?" मी म्हटले, अर्ज मी स्वतः केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या हातात देते आणि पोच तुम्हाला आणून दाखवते. मग त्यांनी उर्दूत, सावकाश, आपले पूर्ण नाव लिहिले.